उत्तर: रात्री तीनची जाग आणि सासूबाईंच्या पट्टीतली अर्धी गोळी

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. साडेनऊलाच अंथरुणात, अकरापर्यंत कूस बदलणं, तीनला टक्क जाग, मग पाचपर्यंत पंख्याकडे बघत उद्याच्या डब्याचा आणि मुलीच्या फीचा हिशेब. रविवारी दहापर्यंत लोळून आठवड्याची भरपाई. आणि अगदी शेवटी, कुणाला दिसू नये अशी लिहिलेली ती ओळ: सासूबाईंच्या पट्टीतली अर्धी गोळी तीन-चारदा घेतली, छान झोप लागली, पण सवय नको, म्हणून काही नैसर्गिक उपाय असेल तर सांगा. वय ४३.

वय सोडलं तर ही माझीच गोष्ट आहे. मी तेव्हा ४७ची होते, साल २०१६, डोंबिवली ते सीएसएमटी रोजची लोकल. म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या अंगावरून गेलं तेवढंच सांगणार, तुमची तब्येत वेगळी असू शकते हे धरून वाचा.

मोबाईल लांब ठेवा, रात्री हलकं जेवा वगैरे वर बाकीच्यांनी लिहिलंच आहे, तुम्हालाही ते ठाऊक असणार. मी त्या अर्ध्या गोळीपासून सुरुवात करते, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान तिने केलं.

माझी अर्धी गोळी सासूबाईंची नव्हती, घराजवळच्या एका दवाखान्यातली होती. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. संध्याकाळी पंचवीस माणसं बाकावर, माझा नंबर लागला आणि मिनिटभरात बाहेर. "झोप येत नाही? टेन्शन घेऊ नका. ही अर्धी घ्या, लागेल तशी." अल्प्राझोलम. किती दिवस, कशी थांबवायची, काही नाही. दिवसाचं वेळापत्रक काय, घोरता का, पाळी कशी आहे, एक प्रश्न नाही. मीही विचारलं नाही, कारण मला खरंच झोप हवी होती आणि बाहेर रिक्षा थांबली होती.

"लागेल तशी" हे तीन महिन्यांत "रोज" झालं. अर्धीची एक झाली. केमिस्ट ओळखीचा, चिठ्ठी न बघता पट्टी द्यायचा. ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत येतात. पट्टीवर लाल चौकटीत इशारा असतो, आणि नियमाप्रमाणे केमिस्टने वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं, पेशंटचं नाव लिहून ते तीन वर्षं ठेवायचं असतं. हे मला फार नंतर कळलं. आमच्या केमिस्टने रजिस्टरात काय लिहिलं असेल देव जाणे.

हे असं अकरा महिने चाललं. आणि मग मी घोडचूक केली. मे २०१७ मध्ये गुहागरला माहेरी गेले. अंगण, समुद्राचा वारा, कुठे हॉर्न नाही. इथे कशाला लागतेय गोळी, म्हणून पट्टी मुद्दाम डोंबिवलीलाच ठेवली. एका झटक्यात बंद! मनात मोठा अभिमान, की आपण नैसर्गिक मार्गाला लागलो. पहिली रात्र डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या रात्री छातीत धडधड, हात थरथरायला लागले, घामाने गाऊन भिजला. तिसऱ्या रात्री आईने बाहेरची बाधा म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. चौथ्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हात धरून विचारलं, "कुठली गोळी सोडली का हल्लीच?" त्या प्रश्नाचे मी आजही उपकार मानते. महिनोन्महिने रोज घेतलेली ही गोळी एकदम तोडली तर झोप तर उडतेच, पण काहींना आकडी येण्यापर्यंत मजल जाते. हळूहळू उतरवायची असते. माझी उतरायला पुढे पाच महिने लागले.

तुम्ही तीन-चारदाच घेतली आहे, म्हणजे तुमच्यावर माझ्यासारखी वेळ येण्याचं काही कारण नाही. पण उद्यापासून ती पट्टी सासूबाईंच्या डब्यातच राहू दे. आणि हे वाचणारं कुणी सहा-आठ महिने रोज घेत असेल तर कृपा करून माझी पोस्ट वाचून आज रात्री बंद करू नका. डॉक्टरकडे जा, आणि "मला ही उतरवायची आहे" असं तोंडाने बोला. न बोलता मिळते ती पुढची चिठ्ठी.

मी शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. जायला दोन महिने घेतले, कारण ठाण्याला "तिकडे" जाते हे कुणाला कळलं तर काय, ही धास्ती. वेटिंगमध्ये आमच्याच सोसायटीतल्या एक बाई भेटल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. आता जिना चढताना हसतो. (कुणाला जाणं शक्य नसेल तर सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६, फुकट.)

त्यांनी दुसरी गोळी देण्याआधी एक कागद दिला. दोन आठवडे रोज सकाळी लिहायचं: अंथरुणात किती वाजता गेले, अंदाजे झोप कधी लागली, किती वेळा जाग, कधी उठले. घड्याळ बघून नाही, अंदाजानेच. घड्याळ उलट भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. ही एवढीशी गोष्ट, पण तीनला डोळा उघडल्यावर "अरे देवा, तीन!" हे म्हणणंच गेलं, आणि निम्मी लढाई तिथे संपली.

कागदाचा हिशेब असा निघाला: अंथरुणात साडेसात तास, पावणेदहा ते सव्वापाच. झोप जेमतेम पाच तास. मला वाटलं आता म्हणणार, नऊलाच झोपत जा. म्हणाल्या, बारानंतर झोपायला जा. मी म्हटलं, बाई, मी झोप मागायला आलेय! पण त्यांचं म्हणणं असं, की पाच तासांची झोप तुम्ही साडेसात तासांवर पसरताय, पोळी फार लाटली की भोकं पडतात तशी ती मध्येमध्ये फाटते. शिवाय रोज दोन-अडीच तास अंथरुणात तळमळल्यावर शरीराची समजूत होते की ही जागा तळमळायचीच. म्हणून बारा ते सव्वापाच एवढंच अंथरूण, रविवारीसुद्धा. जाग येऊन बराच वेळ गेला, चिडचिड सुरू झाली, की उठून दुसऱ्या खोलीत, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे जड झाले की परत. आठवडाभर अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोप झाली की पंधरा मिनिटं वाढवायची. ही पद्धत माझ्या डॉक्टरांनी शोधलेली नाही, जुनी आहे. अंथरुणाचा वेळ कमी करण्याची आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडली, उठून बाहेर जाण्याची रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये. आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने जुनाट निद्रानाशाला गोळीच्या आधी हेच उपचार द्या म्हणून सांगितलं. त्याच वर्षी मला मिळाली "लागेल तशी घ्या".

पहिला आठवडा भयंकर होता. चहात मीठ टाकलं. ऑफिसात एकाच व्हाउचरची दोनदा नोंद केली. म्हणून सावध करते: गाडी चालवत असाल, फिट्स किंवा बायपोलरचा त्रास असेल, तर हे आपल्या आपण करू नका. आणि पाच तासांच्या खाली कुणीही जाऊ नका, कितीही हौस असली तरी.

आता खरी गंमत. तीन आठवडे झाले तरी माझी गाडी म्हणावी तशी पुढे सरकेना. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "दुपारी किंवा संध्याकाळी झोपता?" मी ठामपणे "छे, वेळ कुठाय!" परत विचारलं, परत छे. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "ऑफिसातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत काय काय करता, सांगा." मी सांगत गेले: सीएसएमटीला बसायला मिळतं, भायखळ्यापर्यंत शेजारणीशी गप्पा, मग ठाण्याला जाग येते...

तिथेच थांबले. "जाग येते" म्हणजे झोपलेली असते! संध्याकाळी सातच्या सुमाराला रोज पाऊण तास, गेली वीस वर्षं, पर्स पोटाशी धरून, मान खिडकीच्या गजाला टेकून. लोकलमधली डुलकी ही झोप आहे असं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने रात्री झोपेचा दाब तयार होतो. कुकरला शिट्टीची वेळ आली की मी रोज माटुंग्याला वाफ सोडून देत होते, मग रात्री भात कच्चा राहिला म्हणून रडत होते. तीनची जागही याचाच भाग. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळात हलकी असते, साधारण दीड तासाच्या एकेका फेरीनंतर क्षणभर जाग सगळ्यांनाच येते. दाब शिल्लक असेल तर माणूस परत बुडतो. नसेल तर पंख्याकडे बघतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते "तीनला जाग म्हणजे यकृत बिघडलं" डोक्यातून काढून टाका. आमच्या भावजींनी ते मला चार वेळा पाठवलं, आणि यकृताच्या तपासणीचे पैसे मी भरले. त्यांचंच दुसरं म्हणणं, ब्राह्ममुहूर्ताला जाग येणं भाग्याचं. ते स्वतः आठला उठतात.

परतीच्या गाडीत मी मेथी निवडायला लागले, थंडीत मटार. आमच्या डब्यात त्यात नवल काहीच नाही. बारावरून पावणेअकरापर्यंत यायला अडीच महिने लागले. आज पावणेअकरा ते सव्वापाच, साडेसहा तास, मला पुरतात. तुम्हाला सात लागतील, कुणाला आठ.

संध्याकाळचा चहाही त्याच काळात सुटला. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेपाचच्या कटिंगचा अर्धा अंमल साडेदहाला शिल्लक. मला वाटायचं चहाने माझ्यावर काही परिणाम होत नाही. होत होता.

सकाळी उठल्यावर वीस-पंचवीस मिनिटं गच्चीवर किंवा रस्त्यावर, चष्म्याला गॉगल न लावता. उजेड हवा, व्यायाम झाला तर बोनस. पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळीही बाहेर घरातल्या ट्यूबलाइटच्या कित्येक पट उजेड असतो. शरीराचं घड्याळ त्यावर लागतं. मला विचाराल तर सगळ्या "नैसर्गिक" उपायांत हा एकच खरा नैसर्गिक, आणि याचे पैसे कुणाला मिळत नाहीत म्हणून याची जाहिरात होत नाही.

जायफळाबद्दल विचारलं होतंत. सहाणेवर एक-दोन वेढे उगाळून दुधात, माझी आजीही द्यायची, प्यायचं तर प्या. पण नैसर्गिक आहे म्हणून चमचाभर पूड घालू नका, जास्त जायफळाने उलट्या, भ्रम, छातीत धडधड होते. अश्वगंधाचंही तसंच, थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळणं मी अजून करते. त्याने झोप येते का ते मला ठाऊक नाही, पण ती दहा मिनिटं हातात मोबाईल धरता येत नाही! झोपायच्या दीड-एक तास आधी कोमट पाण्याने अंघोळ मात्र मला नक्की मानवली. बाहेरून ऊब मिळाली की आतलं तापमान नंतर उतरतं आणि झोप लागायला ते उतरावंच लागतं.

अंगातून वाफा येऊन जाग येत असेल, पाळी पुढेमागे होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. माझ्या त्रासात तोही भाग होता आणि "या वयात होतंच" म्हणून दोन वर्षं गेली. संध्याकाळनंतर पाय ओढल्यासारखे, सतत हलवावेसे वाटत असतील तर लोहाची, म्हणजे फेरिटिनची तपासणी करून घ्या, नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. आणि घरातल्यांना विचारा, तुम्ही घोरता का, मध्येच श्वास अडकतो का. तसं असेल तर वरचं माझं सगळं बाजूला ठेवून आधी झोपेतल्या श्वासाची तपासणी. आमच्याकडे घोरणारे "हे" निघाले, आता मशीन लावून झोपतात आणि घरात शांतता आहे.

शेजारच्या मंडपाचा भोंगा असेल तर नियम रात्री दहा ते सकाळी सहा बंदीचा आहे, ११२ ला फोन करता येतो. मी एकदा केला होता. पुढचे दोन महिने मंडळवाले वर्गणी मागायला आले नाहीत, तो अनपेक्षित फायदा.

तर आजपासून फक्त कागद. चौदा दिवस लिहा आणि आकडे इथेच टाका, मग अंथरुणाची वेळ कुठे आणायची ते बघू. आणि एक राहिलं. तुम्ही नोकरी करता एवढंच लिहिलंय, येण्याजाण्याबद्दल काहीच नाही. बसने येता की गाडीने? परतताना बसायला मिळतं का?