पहिलीचा वर्ग हाती घेताना

प्रिय बाई,

१५ जूनपासून मुलं तुला हीच हाक मारणार, म्हणून पत्राची सुरुवातही तिनेच करतो.

बीड जिल्ह्यातली डोंगराकडची दोनशिक्षकी शाळा, पट चाळीसच्या आसपास, पहिली-दुसरी तुझ्याकडे आणि तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे. अशा शाळेचं वर्ष कागदावर जून ते एप्रिल असतं. पण ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि त्यांच्याबरोबर गेलेली मुलं कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच, परततात. त्या मुलांचं वर्ष जून ते ऑक्टोबर, बस्स. त्यामुळे "जून काय, ओळखीपाळखीतच जातो" हे तुझ्या कानावर येईल तेव्हा ते मनावर घेऊ नकोस. या मुलांना जून वाया घालवणं परवडत नाही.

शाळा उघडण्याच्या आधी निदान तीन दिवस तिथे जा. दीड महिना बंद असलेल्या खोलीत सतरंज्यांच्या गठ्ठ्यात आणि चुलीच्या लाकडांखाली विंचू हमखास असतो. गठ्ठे हाताने उचलू नकोस. आधी काठीने ओढून उन्हात पसरायचे. मृगाचा एखादा पाऊस झाला असेल तर छत कुठे गळतं ते बघून ठेव आणि त्या जागेखाली पुस्तकांचं कपाट नाही ना, ते तपास. पाण्याची टाकी घासून घेतल्यावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची, प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि तासभर नळ उघडायचा नाही. उन्हाळाभर उघडी राहिलेली पावडर निकामी झालेली असते. तिचा उग्र वास येत नसेल तर ग्रामपंचायतीतून ताजी आण.

आणि स्वच्छतागृहाची कडी. हे तुला किरकोळ वाटेल, पण पहिलीचं मूल आठवडाभरात शाळेला यायचं बंद होतं त्यामागे अनेकदा हेच असतं. आत अंधार, कडी उंच, दार जाम. आपण आतच अडकू या भीतीने मूल जात नाही, दुपारपर्यंत धरून ठेवतं, चड्डी ओली होते, मोठी मुलं हसतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागतं. कडी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर आणून घे, तिला तेल दे. पहिल्या दिवशी एकेका मुलाला नेऊन कडी लावायला आणि उघडायला लाव, तू बाहेर उभी राहा. पंचवीस मिनिटं लागतील. त्या दिवशीचं हेच महत्त्वाचं शिकवणं समज.

आता जनरल रजिस्टर. दाखलखारीज म्हणतात ते हेच. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण वर्गातली चूक पुढच्या वर्षी सुधारता येते, ही सुधारायला माणसाच्या चपला झिजतात. पहिलीत तू लिहिलेलं नावच दाखल्यावर जातं, दहावीच्या प्रमाणपत्रावर जातं, जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला पुरावा म्हणून निघतं. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे. ते सगळे त्या दिवशी जन्मले नव्हते. शाळेत घालताना कागद नव्हता आणि वय बसावं म्हणून ती तारीख लिहिली गेली. आज जन्मनोंदी होतात, तरी घाईत तीच सवय डोकं वर काढते.

नोंद अशी कर. आधी कच्च्या कागदावर सगळे रकाने भर: मुलाचं नाव, वडिलांचं, आडनाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, धर्म, जात. आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून जुळव. दोन्हींत तारीख वेगळी निघाली तर जन्मदाखला धर आणि आधार दुरुस्त करून घ्यायला पालकांना सांग. नंतर तो कागद आईला किंवा वडिलांना मोठ्याने वाचून दाखव. "ऋतुजा की रुतुजा?" हे विचारायला लाजू नकोस. घरात पोराला "पप्या" म्हणत असतील आणि आजोबा प्रवेशाला आले असतील तर खरं नाव त्यांनाही चटकन सांगता येत नाही. अशा वेळी आईला भेटल्याशिवाय पेन उचलायचं नाही. जात लिहिताना संक्षेप नको. "हिं." आणि पुढे दोन अक्षरं असं लिहिलं की वीस वर्षांनी त्याचा अर्थ लावत बसावं लागतं. वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा (रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत) मिळाला तर त्यावरून अक्षर न् अक्षर उतरव. हे सगळं झालं की मगच रजिस्टरमध्ये, एकाच पेनाने, मुख्याध्यापकांसमोर. व्हाइटनर कधीच नाही. चूक झालीच तर एक आडवी रेघ, जुनं अक्षर वाचता येईल अशी, आणि मुख्याध्यापकांची सही. रजिस्टरवर आधीच कायम झालेली नोंद बदलायला वरिष्ठांची लेखी मंजुरी लागते. ती तू परस्पर बदलायची नाहीस, कुणी कितीही गळ घातली तरी.

कागद नाहीत म्हणून मात्र एकही मूल दारातून परत पाठवू नकोस. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा दाखला नसल्यामुळे प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची किंवा एएनएमच्या, म्हणजे आरोग्यसेविकेच्या, रजिस्टरची नोंद, अंगणवाडीची नोंद, तेही नसेल तर पालकांचं लेखी प्रतिज्ञापत्र चालतं. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, जन्मलेल्या मुलाची नोंद कारखान्याजवळच्या गावातल्या ग्रामपंचायतीत असते, इथे नाही. कारखाना कोणता, गाव कोणतं हे आईला विचारून टिपून ठेवलंस तर तिच्या दोन चकरा वाचतील.

प्रवेशोत्सवाच्या दिवशी फुगे, गुलाब, पुस्तकं हे सगळं होईलच. सरपंचांची भाषणं दहा मिनिटांत आटप. पाच-सहा वर्षांची मुलं त्याहून जास्त बसत नाहीत. अंगणवाडीताईंना आवर्जून बोलाव आणि पहिला आठवडा रोज अर्धा तास येऊन बसतील का ते विचार. नव्या खोलीत मुलाला ओळखीचा तो एकच चेहरा असतो. कोण डावखुरं आहे, कुणाला फिट येते, कोण घरात बोलतं पण बाहेर गप्प असतं, हे त्यांना सगळं ठाऊक असतं. एप्रिलमध्ये झालेल्या शाळापूर्व तयारी मेळाव्यातली विकासपत्रं (मुलाच्या तयारीच्या नोंदी) कपाटात असतील, तीही काढून बघ.

रडणाऱ्या मुलाची आई वर्गात बसली तर बसू दे. पहिले दोन दिवस शेजारी, मग दारापाशी, मग व्हरांड्यात. आईने गुपचूप निघून जायचं नाही, हे तिला बजावून सांग. "मी जाते, भात खायच्या वेळेला येते" असं सांगून जायचं आणि त्या वेळेला यायचंच. एकदा फसवलेलं मूल महिनाभर दारावरची नजर काढत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत पहिलीचं पुस्तक उघडायची घाई नको. बारा आठवड्यांचा विद्याप्रवेश कार्यक्रम त्यासाठीच आहे: गाणी, गोष्टी, मणी ओवणं, पाटीवर आडव्या-उभ्या रेघा, बोटांची ताकद. मात्र दुसरीच्या मुलांना त्यात गुंतवून ठेवू नकोस. त्यांचं वाचन आधी तपास, प्रत्येकाचं वेगळं, मुलामागे चार मिनिटं. एका कागदावर दहा अक्षरं, दहा साधे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद. परिच्छेदापासून सुरू कर आणि अडखळलं तर खाली ये. इतर मुलांसमोर घेऊ नकोस, कारण शेजारचं मूल कुजबुजून उत्तर देतं आणि तुझी यादी खोटी ठरते. टोळीवरून आलेली मुलं बहुतेक अक्षरांपाशीच सापडतील. ती मंद नसतात. पहिलीचं दुसरं सत्र त्यांनी उसाच्या फडाच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळत काढलेलं असतं. तोंडी हिशेबात हीच मुलं गावातल्या मुलांना मागे टाकतात, तेव्हा गणिताच्या तासाला त्यांना पुढे बसव.

अक्षरं शिकवताना अ-आ-इ च्या क्रमाने जाऊ नकोस. त्या क्रमाने महिना गेला तरी मुलाला एक शब्द वाचता येत नाही आणि त्याचा जीव उडतो. चार अक्षरं आणि एक काना घे: क, म, र, न. एवढ्यातच कान, नाक, मान, मका, रान, काका, मामा, कमान हे शब्द तयार होतात. दुसऱ्या आठवड्यात पोर "मका" वाचतं आणि घरी जाऊन चुलीपाशी कोळशाने लिहितं. घ आणि ध, भ आणि म या जोड्या एका आठवड्यात आणू नकोस. एक पक्कं होऊन दोनेक आठवडे गेले की दुसरं. मूल "पानी" म्हणालं, "व्हतं" म्हणालं तर अडवू नकोस. तू पुढच्या वाक्यात सहज "पाणी" म्हण, ते ऐकून ऐकून घेतं. तांड्यावरचं मूल आईला "याडी" म्हणतं. आईच्या चित्राखाली दोन्ही शब्द लिही.

आकड्यांत एक खोच आहे. आपण "पंचवीस" म्हणताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी. त्यामुळे मूल ऐकलं तसं ५२ लिहितं. ही उलटापालट बुद्धीची नाही, भाषेची आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" अशा वाचनाची सोय दिली तेव्हा पुष्कळ गदारोळ झाला, पण माझ्या मते शिकवताना ती पायरी घ्यावीच. काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या हातात देऊन "वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस" असं दोन्ही म्हणून घे.

दोन वर्ग एकत्र चालवताना फळ्याच्या मधोमध उभी रेघ मार. चाळीस मिनिटांच्या तासातली पंधरा मिनिटं पहिलीजवळ, पंधरा दुसरीजवळ, उरलेली दहा दोघांची मिळून. बिघडतं कुठे? ज्या वर्गाकडे तुझी पाठ असते त्यांचं काम पाच मिनिटांत संपतं आणि मग दंगा. म्हणून एक काम दिलंस की पुढची दोन तयार ठेव: गोष्टीची पुस्तकं खोक्यात, शब्दपट्ट्या डब्यात, बिया मोजायला. मुलांना न विचारता उठून घेता आल्या पाहिजेत.

पोषण आहाराचं थोडक्यात. पहिली ते पाचवीला रोज एका मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. चाळीस मुलांना ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी, २०० ग्रॅम तेल. एप्रिलपासून पडून असलेल्या तांदळात पोरकिडे आणि जाळी बघ, उन्हं दे, चाळून घे. वजन काट्यावरच, पातेल्याच्या अंदाजाने नाही. वाढण्याआधी अर्धा तास चव घ्यायची आणि चव रजिस्टरमध्ये त्याच वेळी सही करायची.

पाऊस पडला की पेरण्या सुरू होतात आणि हजेरी अर्ध्यावर येते. दुसरी-तिसरीतल्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. त्यांच्या घरी जाऊन "धाकट्याला घेऊन ये" एवढंच सांग. ते लेकरू कोपऱ्यात बियांशी खेळेल. शाळा व्यवस्थापन समितीची पहिली सभाही संध्याकाळी सातनंतर ठेव आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळ. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. सहीपुरत्या आलेल्या बायांना बसवून घेऊन विचार, कोणत्या घरचं मूल दिवाळीनंतर जाणार आणि मागे सांभाळायला आजी आहे का. ही यादी जूनमध्येच कर. आईबाप टोळीवर असताना मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीमार्फतच जातो आणि टोळीच्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन झाल्यावर आईबापांचं मन वळवणं फार जड जातं. जे मूल जाणारच असेल त्याच्या हातात जाताना शिक्षण हमी पत्रक द्यायचं, त्यावर तो काय वाचतो आणि कुठवर गणित करतो हे स्पष्ट लिहायचं, म्हणजे तिकडच्या शाळेतले गुरुजी त्याला कुठून घ्यायचं ते जाणतील. आज तू चार-चार मिनिटं देऊन केलेली वाचनाची यादी तेव्हा उपयोगी पडेल.

ती यादी जूनअखेर तयार झाली की मला पाठव. नावापुढे पातळी, आणि टोळीवर जाणाऱ्यांपुढे फुली. कुणाला कोणत्या गटात बसवायचं ते फोनवर एकेक नाव घेऊन ठरवू. शनिवारी सकाळची शाळा असते, अकरानंतर कर.

तुझा,
जुना सहकारी