वाचक विचारतात : सोसायटीचं मैदान कोणाचं?

प्रश्न : आमच्या सोसायटीत ३० बाय २० मीटरचं मातीचं मैदान आहे. संध्याकाळी क्रिकेट सुरू झालं की ज्येष्ठांच्या फेऱ्या बंद पडतात, लहान मुलं कडेला बसून राहतात. कमिटीत काही जण क्रिकेटवर बंदी घाला म्हणतात, काही जण बॅडमिंटनचं पक्कं कोर्ट बांधा म्हणतात. काय करावं? (सचिव, ठाणे)

उत्तर : दोन्ही करू नका. उघड्यावर जरा वारा आला की बॅडमिंटनचं फूल भरकटतं, एका वेळी चौघंच खेळतात आणि काँक्रीटवर पुन्हा कबड्डी होत नाही. माती राखा.

आधी आठवडाभर, रविवार धरून, दर तासाला मैदानावरची माणसं वयानुसार आणि बाई-पुरुष अशी मोजा. मग घरोघरी जाऊन न येणाऱ्यांना कारण विचारा. मैदानावरच विचारलंत तर जे येतात त्यांचंच मत कळेल. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, स्वयंपाकघराला ती अजून मिळालेली नाही. त्यामुळे बायकांची मोकळी वेळ बहुधा दुपारी चारला किंवा रात्री नऊनंतर निघेल. ती वेळ त्यांच्या नावे लिहा, नाहीतर ती हमखास दुसरं कुणीतरी घेतं.

व्हॉलीबॉलला १८ बाय ९ आणि भोवती तीन मीटर, म्हणजे २४ बाय १५ मीटर जागा लागते. तेवढ्यातच १३ बाय १० ची कबड्डीही आखता येते. उरलेल्या जागेत कडेकडेनं दीड मीटरचा मुरमाचा पट्टा दाबून घ्या, फेऱ्या चालू राहतील. खो-खोला मात्र लॉबीसकट ३० बाय १९ लागतं आणि पट्टा अडतो, म्हणून तो रविवारी सकाळी. जाळीचे खांब काढता येतील असे, जमिनीत पुरलेल्या पाइपात बसवा. पाइपाला झाकण हवंच, उघड्या तोंडात पाय मुरगळतो.

क्रिकेट आठवड्यातून दोन दिवस, टेनिस बॉलनंच. वेळापत्रक कुठे मोडतं? छोट्यांची वेळ साडेपाचपर्यंत असते आणि मोठी मुलं पाचलाच स्टंप रोवतात. सामानाच्या पेटीची किल्ली मोठ्यांपैकीच एका मुलाकडे द्या, पेटी साडेपाचला उघडायची हे त्याच्यावर सोपवा. वॉचमनच्या शिट्टीपेक्षा हे जास्त पाळलं जातं. परीक्षा आणि पावसाळ्यात गर्दी बदलते, तेव्हा पुन्हा मोजा.

प्रश्न : झोपाळ्याखाली वाळू टाकली, तरी मुलांना लागतं. (नाशिक)

उत्तर : बहुधा वाळूत माती आहे, ती पावसानंतर घट्ट बसते. धुतलेली वाळू ३० सेंटीमीटर जाड भरा, तळाशी निचरा ठेवा. आडवी दांडी दोन मीटर उंच असेल तर तिच्या पुढे आणि मागे चार-चार मीटर वाळू हवी. पाय घासून झोपाळ्याखाली खळगा पडतो, मूल नेमकं तिथेच पडतं. दर आठवड्याला दाताळ्यानं वाळू हलवून सारखी करा. खांबावर पातळीची रंगीत रेघ ओढा, वाळू तिच्याखाली गेली की भर घाला.