गोधडीचे क्लास चालतील का?

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झाली. दोन वर्षं बँकेच्या परीक्षा देतेय, यश नाही. आता म्हणते, आजीकडून शिकलेल्या गोधडीचे क्लास घेणार. पैसे देऊन गोधडी शिकायला कोण येणार? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, येतील. आईच्या सुती साड्या कपाटात पडून आहेत, नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत, अशी घरं थोडी नाहीत. माझी काळजी वेगळी आहे. लेकीच्या हाताचं कौतुक तुम्ही पत्रात चार वेळा केलंय, पण तिनं आजवर कुणाला शिकवलंय का, त्याबद्दल एक ओळही नाही.

मी स्वतः एका क्लासला गेले होते. बाईंचा धावदोरा बघत राहावा असा. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला डबल बेडची गोधडी धरायला लावली. माझी अजून माळ्यावर आहे, अर्धी.

म्हणून सुरुवात दुपट्याएवढ्या गोधडीनं करावी. आसनाएवढी असली तरी चालेल. चार रविवारांत पुरी होऊन घरी गेली पाहिजे. आजी कडेपासून आत शिवत जात असतील, तर नवख्यांच्या हातून मध्यभागी कापडाचा फुगा राहतो. आधी थर सपाट पसरून मधून कडेकडे कच्चे टाके घालून घ्यायचे. दोरा हातभरच, लांब घेतला की गुंता. नवखी माणसं दोरा करकचून ओढतात आणि कापडाला चुण्या पडतात. ते लांबून ओळखता यायला हवं. नवं कापड आधी धुऊन घ्यायला सांगावं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि लाल ठिगळ शेजारच्या पांढऱ्यावर उतरतं.

पैशाचं सांगते. सहाजणींची बॅच, प्रत्येकी १,२०० रुपये धरले तर ७,२०० होतात. त्यातून कापड, दोरा आणि जागेचं भाडं वजा करा. महिन्याला एक बॅच म्हणजे पगार नव्हे. जोडीला ऑर्डरी किंवा आणखी बॅच लागतील. छोट्या व्यवसायाची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. पुढेमागे नोकरीची वाट हवी असेल तर आयटीआयचा ‘सूइंग टेक्नॉलॉजी’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. गोधडीच्या क्लासला मात्र कुणी सर्टिफिकेट विचारणार नाही, शिवलेली गोधडी बघतील.

बँकेचा अभ्यास तूर्त सोडायला सांगू नका. शेजारपाजारच्या चारजणी जमवा, ज्यांनी कधी बटणही लावलेलं नाही अशा. फी निम्मी घ्या, पण घ्याच. फुकटच्या क्लासला दुसऱ्या रविवारी कुणी येत नाही. चारपैकी तिघींची गोधडी पुरी झाली तर मला पुन्हा लिहा, मग पुढचं बोलू.

आजींनाही वर्गात बसवा. अट एकच : कुणाचा टाका वाकडा पडला म्हणून तिच्या हातातली सुई काढून घ्यायची नाही.