‘योग्यतम’ कोणाला म्हणायचे?

प्रश्न : आमच्या वाचन मंडळातील एका सदस्यांचे म्हणणे असे की, दुर्बलांना औषधपाणी आणि मदत देऊन जगवणे हे डार्विनच्या सिद्धान्ताविरुद्ध आहे, कारण निसर्गात ‘बळी तो कान पिळी’ हाच नियम चालतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही, आणि या गैरसमजापायी माणसांचे फार नुकसान झालेले असल्यामुळे तो मोडून काढणे मला अगत्याचे वाटते. ‘योग्यतम तोच टिकेल’ हा शब्दप्रयोग इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये केला; डार्विनने तो आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८६९ च्या आवृत्तीत उचलला. त्यातला ‘योग्य’ म्हणजे बलवान नव्हे, तर आहे त्या परिस्थितीत तगून संतती मागे ठेवणारा. अंधाऱ्या गुहेतल्या आंधळ्या माशाला डोळे नसले, तरी त्या गुहेपुरता तो योग्यच असतो. देवीच्या लसीमुळे हजारो अशक्त माणसे वाचली, याचा वंशावर अनिष्ट परिणाम होईल अशी शंका डार्विनने १८७१ मध्ये व्यक्त केली होती, हे लपवण्याचे कारण नाही; पण मदतीची ही वृत्ती दाबली तर आपल्या स्वभावातील सर्वांत उदात्त भागच खालावेल, असेही त्याने तिथेच लिहिले.

खरा अनर्थ झाला तो ‘योग्य कोण’ हे सरकारे ठरवू लागली तेव्हा. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८३ मध्ये सुप्रजाशास्त्राला, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांचीच संतती वाढवून वंश सुधारण्याच्या विचाराला, नाव दिले आणि १९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. व्हर्जिनियातील कॅरी बक ही बलात्कारातून गरोदर राहिलेली तरुणी; तिला ‘मंदबुद्धी’ ठरवून, तिची आई जिथे आधीपासून होती त्याच संस्थेत धाडण्यात आले. तिच्या सक्तीच्या नसबंदीवरून खटला उभा राहिला, तेव्हा दोष आनुवंशिक आहे हे सिद्ध करण्यासाठी तिची काही महिन्यांची मुलगी व्हिवियन हिलाही पुराव्यात ओढले गेले. हे बाळ पुरते सर्वसामान्य दिसत नाही, पण नेमके काय ते सांगता येत नाही, एवढीच एका समाजसेविकेची साक्ष होती. असल्या साक्षींचाही आधार घेतलेल्या या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी नसबंदी वैध ठरवली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. व्हिवियन पुढे शाळेत जाऊ लागली. १९३१ मध्ये तिचे नाव शाळेच्या गुणवंत मुलांच्या यादीत लागले.