थैलीवरची चिठ्ठी: पेशवाईच्या हिशेबाविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

पेशव्यांचा फड (म्हणजे हिशेबाची मुख्य कचेरी), जमाखर्च आणि कर्ज यांविषयी आलेल्या प्रश्नांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. लढायांबद्दलचे प्रश्न बाजूला ठेवले. त्यांवर लिहिणारे पुण्यात पुष्कळ आहेत.

प्रश्न : पेशव्यांचा खजिना पुण्यात होता, तर त्यात रोकड किती असायची? (सदाशिव पेठ)

मोहरा आणि रुपयांनी भरलेली तळघरे डोळ्यांपुढे असतील, तर ती आधी रिकामी करा. जडजवाहीर, वस्त्रे आणि मौल्यवान चिजा जामदारखान्यात असत, रोख रक्कम पोत्यात, म्हणजे रोकडीच्या खजिन्यात असे. पोतनीस आणि पोतदार ही आडनावे त्या पोत्यावरूनच आली. पण राज्याच्या वसुलाचा फार मोठा भाग पुण्याला येतच नसे. तो जिथे जमायचा तिथेच खर्ची पडायचा.

हे साधणारा कागद म्हणजे वरात, पैसे देण्याचा लेखी हुकूम. समजा, खानदेशातल्या एका पथकाचा पगार द्यायचा आहे. पुण्याहून थैल्या पाठवायच्या म्हणजे वाटखर्च, पहारा आणि लुटीची धास्ती. त्याऐवजी हुजुरातून, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कचेरीतून, खानदेशातल्याच एखाद्या महालावर (वसुलाच्या विभागावर) वरात निघे: अमक्यास इतका ऐवज द्यावा. कमाविसदार, म्हणजे महालाचा वसूल अधिकारी, पैसे देई, कबज म्हणजे पावती घेई आणि वर्षअखेरीच्या हिशेबात ती रक्कम मजुरा (वजावट) मागे. जिथे पैसा खरोखरच हलवायचा असेल तिथे सावकाराची हुंडी घेत. तिच्यावर हुंडणावळ पडे, आणि रस्ते धोक्याचे झाले की ती चढे.

कोणत्या महालावर किती ऐवज शिल्लक आहे हे पुण्यात अचूक ठाऊक असणे, ही या व्यवस्थेची खरी ताकद होती. ती माहिती महिनाभर मागे पडली, तर एकाच शिलकेवर दोन वराती निघत. मग कमाविसदार हात वर करी आणि वरातदार त्याच्या दारात धरणे धरून बसे.

मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने थोरल्या माधवरावांच्या अखेरीचे जे आकडे दिले आहेत, त्यांत सगळ्या मराठी राज्याचा प्रत्यक्ष वसूल सात कोटींच्या वर आहे. पेशव्यांच्या थेट ताब्यातला त्यातला हिस्सा सुमारे २ कोटी ८० लाख. बाकीचा सरदारांच्या सरंजामांत (फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या मुलखांत) आणि मुलखांत आपापल्या जागी खपत होता.

प्रश्न : आमच्याकडच्या जुन्या कागदांत ‘साहोत्रा’ येतो. हा चौथाईचाच भाग का? (भोर)

हो, आणि भोरकरांना तो माहीत असायलाच हवा, कारण साहोत्रा भोरच्या पंतसचिवांकडे होता.

बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदा आणल्या. दख्खनचे सहा सुभे, त्यांचा बादशाही दफ्तरातला आकार, म्हणजे ठरवलेला वसूल, सुमारे १८ कोटी. सरदेशमुखी त्यावर शेकडा १० आणि चौथाई शेकडा २५. चौथाईचे पुढे आणखी तुकडे पडत. एखाद्या भागाचा आकार १०,००० रुपये धरला, तर चौथाई झाली २,५००. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे ६२५ रुपये, ही राजाची बाबती. संपूर्ण चौथाईवर शेकडा ६ प्रमाणे १५० रुपये साहोत्रा. शेकडा ३ प्रमाणे ७५ रुपये नाडगौडा. तो कोणाला द्यायचा हे राजाच्या मर्जीवर. उरलेले शेकडा ६६, म्हणजे १,६५० रुपये, ऐन मोकासा. तो फौज बाळगणाऱ्या सरदारांना मिळे.

इथे हिशेब करणारे हमखास एक चूक करतात. बाबती वजा करून उरलेल्या १,८७५ वर ६ टक्के काढतात आणि साहोत्रा चांगला ३७ रुपये ८ आणे कमी भरतो. साहोत्रा आणि नाडगौडा दोन्ही पूर्ण चौथाईवर काढायचे.

एवढी वाटणी कशाला, असे वाटेल. एकाच परगण्यात बाबती एकाची, साहोत्रा दुसऱ्याचा, मोकासा तिसऱ्याचा. त्यामुळे कोणत्याही एका सरदाराला सलग मुलूख घशात घालता येत नसे आणि प्रत्येकाला आपला आकडा समजून घ्यायला कारकून लागे. ज्याच्याकडे कागद, त्याच्याकडे किल्ली. मात्र आकार बादशाही दफ्तरातला जुना आणि उजाड पडलेली गावे आजची, यातून वर्षानुवर्षे तंटे चालले. सनदेवरची चौथाई आणि हाती आलेली चौथाई यांची गल्लत करू नका.

प्रश्न : लेखापरीक्षण म्हणण्यासारखे तेव्हा काही होते का? मी सनदी लेखापाल आहे, म्हणून विचारते. (कोथरूड)

होते, आणि ते फक्त वर्षअखेरीला नव्हे तर रोजच्या रोज चाले. एका महालाचे वर्ष घेऊ.

हिशेबी वर्ष मृगाला सुरू होई. त्यासाठी हुजुरातून बेहेडा तयार होई, म्हणजे त्या महालाचा अंदाजी जमाखर्च. वर जमा: मागील सालांच्या हिशेबांवरून ठरवलेला वसूल, जकात, इतर बाबी. खाली वजा: देवस्थाने, इनामे, नेमणुका, कमाविसदाराचे वेतन आणि शिबंदी (महालातले शिपाई). उरेल तो सरकारचा ऐवज. बेहेड्यात नसलेला खर्च कमाविसदाराने केला, तर तो मजुरा मिळेलच याचा भरवसा नसे.

मग रसद. पीक निघण्याच्या आधीच कमाविसदाराने अपेक्षित वसुलापैकी काही रक्कम आगाऊ भरायची. सरकार तिच्यावर व्याज देई. ४०,००० रुपये रसद, दरमहा दरशेकडा १ रुपया व्याज आणि वसूल हाती यायला पाच महिने, असे धरले तर व्याजच २,००० रुपये. कमाविसदार स्वतः ही रक्कम सहसा सावकाराकडून उचले. म्हणजे सरकारची नड सावकार भागवी, मधला माणूस कमाविसदार.

वसूल येऊ लागला की दरखदारांचे, म्हणजे सरकारने नेमलेल्या वंशपरंपरागत हिशेबी अधिकाऱ्यांचे, काम सुरू. मोठ्या मामल्यात (वसुलाच्या मोठ्या विभागात) ते आठ असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस. गावाचा पैसा आला की पोतदार नाणे पारखी. पोतदार नेहमी दोन, एकावर विसंबायचे नाही. नाणे पोतेचाल, म्हणजे खजिन्यात चालणारे, नसेल तर बट्टा कापला जाई. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना रुपये चालत असल्याने हे रोजचेच होते. थैली बांधली की तिच्यावर चिठ्ठी लावायची फडणिसाने. रोजचा जमाखर्च लिहायचा त्यानेच. त्यावरून दफ्तरदार खतावणी करी आणि दरमहा गोषवारा हुजुरास पाठवी. जमा आणि शिल्लक पोतनिसाकडे. हिशेब फडणिसाकडे जाण्याआधी मुजुमदाराच्या नजरेखालून जाई. पत्रांवर आणि हुकुमांवर दिवाणाची खूण लागे.

या सगळ्यांत महत्त्वाचा नियम एकच: मामलेदाराला, म्हणजे मामल्याच्या वसूल अधिकाऱ्याला, दरखदार काढून टाकता येत नसे. ते त्याच्या हाताखाली काम करीत, पण त्याचे नोकर नव्हते. आजच्या अंतर्गत लेखापरीक्षकांपैकी किती जणांना हे भाग्य लाभते, ते तुम्हीच सांगू शकाल.

वर्षअखेरीला फडणीस वह्या घेऊन पुण्याला येई. बेहेडा आणि प्रत्यक्ष हिशेब शेजारी ठेवून फरक काढायचा, कारण विचारायचे, मग ताळेबंद. सगळ्या महालांचे हिशेब एकबेरीज दफ्तरात जमत आणि तिथे खातेवार तर्जुमे (गोषवारे) होत. हुजूर दफ्तरात भरभराटीच्या काळी दोनशेच्या आसपास कारकून होते.

प्रश्न : पेशवे कायम कर्जात का? राज्य वाढत होते ना? (औंध)

वाढत होते म्हणूनच. फौजेचा खर्च आज, वसूल सहा महिन्यांनी, आणि जिंकलेल्या मुलखाची खंडणी कबूल होऊनही हप्त्यांनी. ती दरी सावकार भरून काढी.

नानासाहेबांच्या कारकिर्दीत, १७४० ते १७६० या वीस वर्षांत, काढलेली कर्जे सुमारे दीड कोटी रुपयांची भरतात. व्याज सालीना शेकडा १२ ते १८. कागदात ते महिन्याने लिहितात: दरमहा दरशेकडा १ रुपया ते दीड रुपया. एक लाख रुपये दीडोत्रीने (दरमहा शेकडा दीड रुपयाने) आठ महिने वापरले की १२,००० रुपये व्याज. शिवाय मनोती असे. म्हणजे खतात मुद्दल पूर्ण लिहायचे आणि हातावर ठेवताना शेकड्यामागे काही आधीच कापून घ्यायचे. जुने खत वाचताना नुसता व्याजाचा दर पाहिला तर कर्ज आहे त्यापेक्षा स्वस्त वाटते. मनोती शोधा.

पानिपतानंतर ओढ आणखी वाढली. माधवराव १७७२ मध्ये थेऊरला वारले, तेव्हा देणे सुमारे २४ लाख होते, आणि ते फेडण्याची तरतूद त्यांनी अखेरच्या इच्छापत्रात आवर्जून घातली होती. पुढे नाना फडणिसांच्या हातात कारभार आल्यावर कर्ज काही लाखांच्या आत राहिले. नानांची तारीफ मुत्सद्देगिरीसाठी होते, पण वयाच्या चौदाव्या वर्षी वडिलांमागे फडणिशीची वस्त्रे मिळालेला हा माणूस आधी हिशेबनीस होता.

प्रश्न : शनिवारवाडा १६,११० रुपयांत बांधला म्हणतात. आजचे किती झाले?

आकडा १७३०–३२ च्या पहिल्या बांधकामाचा म्हणून दिला जातो. पुढची वाढीव कामे त्यात नाहीत. आजच्या रुपयांत करू नका. सोन्याने मोजाल तर एक उत्तर, ज्वारीने मोजाल तर दुसरे, गवंड्याच्या मजुरीने तिसरे.

प्रश्न : इतकी कडक व्यवस्था होती, तर दुसऱ्या बाजीरावांच्या काळात ती कोसळली कशी? (नाशिक)

दोन कारणे, आणि दुसरे पहिल्यापेक्षा मोठे.

पहिले म्हणजे अंतस्थ. कमाविसदार ठरलेल्या ऐवजाशिवाय दरबारातल्यांना गुपचूप काही देई. ही रक्कम काही वर्षांत सर्वांना माहीत होई आणि दरबारखर्च म्हणून रुळे. मग तिच्यावर नवे अंतस्थ. हे पैसे यायचे कुठून? पेशवाई गेल्यावर इथला कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात वाटा नोंदवल्या आहेत: जमा दडवणे, रयतेला न दिलेली सूट दिली म्हणून लिहिणे, शिबंदीची खोटी हजिरी, आणि नेमणुका न देता दिल्या म्हणून दाखवणे. यातली एकही गोष्ट दरखदारांच्या नजरेतून सुटणारी नाही. म्हणून तपासणाऱ्यालाही वाटा द्यावा लागे. आठ माणसे एकमेकांवर नजर ठेवतात तोवर व्यवस्था चोख असते. आठांची त्यात भागीदारी झाली की तीच आठ माणसे चोरीवर आठ शिक्के मारतात.

तरीही नानांच्या काळापर्यंत हे मर्यादेत होते, कारण बेहेडा आणि मागील सालचे हिशेब फडात ताडून पाहिले जात. दुसऱ्या बाजीरावांनी महाल मक्त्याने द्यायला सुरुवात केली: जो जास्त बोली बोलेल त्याला महाल. एकदा रक्कम ठरली की फडाला वसुलाचा तपशील हवाच कशाला? बेहेडा निरर्थक झाला. मक्तेदाराला पुढच्या साली महाल आपल्याकडे राहील याची खात्री नसे. त्यामुळे पडजमिनीला इस्तावा, म्हणजे पहिली वर्षे हलका सारा घेऊन तो हळूहळू पूर्ण दरावर न्यायचा कौल, देण्यात त्याला रस नव्हता. १८०३–०४ च्या दुष्काळाने उठलेली गावे यामुळे बसायला वेळ लागला.

गंमत अशी की बाजीरावांना कर्ज काढायची फारशी गरज पडली नाही, उलट खासगीत बक्कळ साठा झाला. खजिना भरलेला आणि हिशेब मोडलेला, अशी ती अवस्था होती.

प्रश्न : मोडी शिकले आहे. पण तारीख आणि रक्कम दोन्हींत अडते. (विद्यार्थिनी, डेक्कन)

तारीख आधी. साल सुहूर सनाचे, अरबी शब्दांत, एकम् आधी. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे १ + ७० + १०० + १०००, ११७१. जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवा, जानेवारी ते मे अखेरसाठी ६००. म्हणजे १७७०–७१. ‘छ’ म्हणजे चंद्र; त्यापुढचा आकडा मुसलमानी महिन्याची तारीख.

खरी अडचण पुढे आहे. वर्ष सौर आणि महिने चांद्र. बारा चांद्र महिने ३५४ दिवसांत संपतात, वर्षाला ११ दिवस उरतात. त्यामुळे वर्ष २० सफरला सुरू झाले असेल, तर २० सफरपासून पुढच्या दहाएक तारखा त्याच सालात दोनदा येतात, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. जंत्री दोन्ही उत्तरे बरोबर दाखवील. अशा वेळी मजकूर पाहा: बेहेडा, रसद, नवी नेमणूक असेल तर बहुधा सुरुवात, बाकी, झाडा, हिशेब असेल तर बहुधा अखेर. रोजकीर्द असेल तर मागची-पुढची पाने.

रक्कम सोपी आहे. उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे; आडवी म्हणजे एक आणा. ५।= म्हणजे ५ रुपये ६ आणे. ७॥।- म्हणजे ७ रुपये १३ आणे. कागद जीर्ण असेल तर आडव्या रेघा आधी पुसट होतात, म्हणून प्रत्येक रकाना बेरजेशी ताडून बघा. आण्यांत फरक आला तर बहुधा रेघ गेली आहे, कारकून चुकलेला नाही.

प्रश्न : आमच्या इनामाचा कागद पुणे पुराभिलेखागारात मिळेल का? (सासवड)

शक्यता चांगली आहे, कारण हे दफ्तर टिकले तेच इनामांमुळे. १८१८ नंतर कोणाची जमीन सारामाफ हे ठरवायला इंग्रजांना जुने हिशेब हवे होते, आणि १८५२ च्या इनाम कमिशनने तर ते चाळून काढले. तीस हजारांहून अधिक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तिथे आहेत. नुसत्या आडनावाने शोधू नका. गाव, तेव्हाचा परगणा, सुहूर सन आणि सनद देणाऱ्याचे नाव एवढे घेऊन जा. सनद सापडली नाही तर त्या परगण्याचे बेहेडे मागा: तुमचे इनाम चालू असेल, तर दरसाल वजा बाजूला ते लिहिलेले असेल.