हिवाळ्यातल्या उदासीची तयारी कोजागिरीपासूनच करा

तुम्ही लातूरला खोलीवर राहून नीटची तयारी करताय. दिवाळी झाली की मरगळ येते, नऊ तास झोपूनही उठवत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं आणि संक्रांतीनंतर कुठे जरा हलकं वाटतं. यंदा आधीपासून काय करता येईल, असा तुमचा प्रश्न.

झोप जास्त, भूक जास्त, अंग जड आणि दरवर्षी तेच महिने, ही हिवाळी उदासीची ठळक लक्षणं. १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तिचं रीतसर वर्णन केलं. पण तिकडचे उपाय जसेच्या तसे उचलू नका. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांचाही नसतो, लातूरचा अकरा तासांचा असतो. ऊन इथे भरपूर आहे, तुमच्या वाट्याला मात्र येत नाही. खोलीवरून क्लास, क्लासवरून अभ्यासिका, आणि बाहेर पडेपर्यंत दिवस मावळलेला. नोव्हेंबरअखेर तो पावणेसहालाच मावळतो. ट्यूबखाली टेबलावर जेमतेम दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. उन्हं वर आली की उघड्यावर सावलीतही तो कित्येक पटींनी जास्त असतो. म्हणून तिकडे या उदासीवर वापरतात तसा दहा हजार लक्सचा महागडा दिवा घ्यायची गरज मला इथे वाटत नाही.

कोजागिरीपासून उठायची वेळ ठरवा, समजा साडेसहा, आणि रविवारीही तीच ठेवा. उठल्यापासून तासाभरात, उजाडलं की, गच्चीवर किंवा रस्त्यावर अर्धा तास. गॉगल नको, सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं चालायचं किंवा वाचत बसायचं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोप वेळेवर येते. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. क्लास त्याआधी असेल तर पहिल्या सुट्टीत बाहेर या. बहुतेक जण चार दिवस करतात, फरक दिसला नाही म्हणून सोडून देतात. फरक पडायला एक-दोन आठवडे लागतात. रविवारी दहापर्यंत लोळलात तर घड्याळ पुन्हा मागे जातं आणि सोमवार जड जातो.

ड जीवनसत्त्वाचं गणित वेगळं. ते डोळ्यांतून नाही, उघड्या कातडीवर पडणाऱ्या उन्हातून तयार होतं, तेही दहा ते तीनच्या दरम्यान. बंद काचेआड बसून ते मिळत नाही. साठ हजार युनिटच्या गोळ्या तपासणीशिवाय, मैत्रिणीने सांगितलं म्हणून खाऊ नका.

सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळी सहा ते आठ. तेव्हा एकटं खोलीवर बसू नका. आदल्या रात्रीच वहीत दोन कामं लिहा: एक पंधरा मिनिटांत संपणारं, एक कुणासोबत करायचं. मन झालं की करू, असं म्हटलं तर मन होतच नाही. आधी करायचं, उत्साह मागून येतो. चहा-बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे खा आणि चारनंतर चहा बंद. वेळ अमावास्येला जमलं तर गावी शेतात जाऊन या. अख्खा दिवस उघड्यावर, माणसांत, असा सण चुकवू नये.

हे करूनही दोन आठवडे सलग मन खालीच राहिलं किंवा अभ्यास ठप्प झाला, तर डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड मंद असलं तरी हीच मरगळ येते. मागे कधी झोपेशिवाय अंगात नुसता जोर संचारलाय, विचार आणि बोलणं सुसाट सुटलंय, असे दिवस गेले असतील, तर ते मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगा. अशांना उजेडाचे दिवे किंवा नैराश्याच्या गोळ्या सल्ल्याशिवाय उलटू शकतात. जगू नये असं वाटलं तर थांबू नका, शेजारच्या खोलीतल्या मुलीला उठवा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फोन फुकट लागतो, रात्रीही, आणि मराठीत बोलता येतं.