भाच्याला टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत नेऊन शिकवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीची कंपनी तुम्हाला एल-१ वर (कंपनीच्या अंतर्गत बदलीच्या व्हिसावर) टेक्सस राज्यातल्या डॅलसला पाठवतेय, मुलगी कोथरूडला नववीत आहे, आणि बहीण म्हणतेय, दहावी झालेल्या भाच्यालाही टुरिस्ट व्हिसावर सोबत न्या, तिथं शाळा फुकट असते, कॉलेजचं पुढं बघू. भाच्याचं आधी सांगतो, कारण त्यात चूक झाली तर निस्तरता येत नाही.

बहिणीने ऐकलंय ते अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला: कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेत बारावीपर्यंतचं मोफत शिक्षण नाकारता येत नाही. खटला टेक्ससचाच होता. पण बी-२ वर, म्हणजे टुरिस्ट व्हिसावर, असताना शाळेत नाव घालणं हा व्हिसाच्या अटींचा भंग आहे, मग शाळेने हसतमुखाने प्रवेश का देईना. शाळेचं ऑफिस पत्त्याचा पुरावा आणि लसींचं कार्ड बघतं, व्हिसा नाही. एल-२ वर, म्हणजे एल-१ वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, तर भाचा बसतच नाही. तो फक्त जोडीदाराला आणि २१ वर्षांच्या आतल्या अविवाहित मुलांना मिळतो.

खरी अडचण बारावीनंतर सुरू होते, कारण त्या निकालाचं संरक्षण तिथंच संपतं. कागद नसलेल्याला कॉलेजने प्रवेश देऊ नये असा केंद्राचा कायदा नाही, मात्र केंद्राची आर्थिक मदत, म्हणजे फाफ्साचा फॉर्म भरून मिळते ती, नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि निर्वासितांसारख्या मोजक्या गटांनाच आहे. बाकी सगळं राज्यावर. साउथ कॅरोलिना अशा मुलांना सरकारी कॉलेजात घेतच नाही. कॅलिफोर्नियात एबी ५४० ह्या कायद्याखाली स्थानिक, म्हणजे राज्याच्या रहिवाशांच्या कमी, दराने फी लागते, पण मूळ अट तिथल्या हायस्कूलची तीन वर्षं. म्हणजे दहावीनंतर गेलेल्या मुलाला तिथंही काठावरचं गणित.

आणि तुम्ही जाताय टेक्ससला. स्थानिक फीचा कायदा २००१ मध्ये सगळ्यांत आधी केला तो ह्याच राज्याने. ४ जून २०२५ ला केंद्र सरकारने त्यावर खटला भरला, राज्याने विरोध केला नाही, आणि न्यायालयाने त्याच दिवशी तो कायदा रोखला. फ्लोरिडानेही त्याच वर्षी आपली सवलत काढून घेतली. एका दिवसात जाणाऱ्या सवलतीवर चार वर्षांच्या डिग्रीचा हिशेब मांडू नका. डाकाचं, म्हणजे लहानपणी आलेल्या कागद नसलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं वाचवणाऱ्या योजनेचं, नाव कुणी काढलं तर सोडून द्या; त्याला १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं.

भाचा १८ चा झाला की आणखी एक मीटर चालू होतं. मुक्कामाची मुदत संपल्यावर त्या वयानंतर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडला, तर तीन वर्षं परत प्रवेश नाही. वर्ष किंवा जास्त झालं, तर दहा वर्षं. १८ च्या आतले दिवस ह्यात धरत नाहीत, म्हणूनच काही एजंट 'काही होत नाही' म्हणतात. आणि कुठल्याही फॉर्मवर चुकूनसुद्धा 'अमेरिकन नागरिक' ह्या चौकोनात खूण नको. खोटा नागरिकत्वाचा दावा जवळपास कायमचा नडतो.

माझं मत विचाराल तर त्याची अकरावी-बारावी पुण्यात होऊ द्या. मग कॉलेजचा प्रवेश, कॉलेजने दिलेला आय-२० फॉर्म, ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) आणि मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत एफ-१ ची, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची, मुलाखत. महाग आहे, पण पुढची दारं उघडी राहतात. एफ-१ वर आत्ताच सरकारी हायस्कूलला घालायचं तर जास्तीत जास्त १२ महिने, तेही पूर्ण खर्च भरून.

मुलीचं. तिचा पासपोर्ट आज कपाटातून काढून बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि अमेरिकेच्या विमानतळावरचा अधिकारी आय-९४ ची, म्हणजे प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या नोंदीची, तारीख पासपोर्ट संपतो तिथंच थांबवतो. तुमचं आय-९४ तीन वर्षांचं, तिचं चौदा महिन्यांचं, आणि घरात कुणाचं लक्ष नाही: रीतसर आलेल्या घरातलं मूल असंच बेकायदा ठरतं. कारण व्हिसाच्या स्टिकरवरची तारीख मोठी दिसते, पण राहण्याची मुदत ठरते आय-९४ वर. निघण्याआधीच मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात नूतनीकरण उरका आणि उतरल्यावर त्याच आठवड्यात प्रत्येकाचं आय-९४ ऑनलाइन काढून तारखा ताडून घ्या.

टेक्ससमध्ये एल-२ वरच्या मुलीला स्थानिक फी मिळू शकते. सत्राच्या गणना-तारखेआधी (कॉलेज विद्यार्थ्यांची अधिकृत मोजणी करतं तो दिवस) पालकांचं तिथं सलग १२ महिने वास्तव्य दाखवावं लागतं. भाडेकरार, लायसन्स, टॅक्स रिटर्न पहिल्या महिन्यापासून फाइलला लावा. फाफ्सा तिलाही नाही. पगारी काम किंवा इंटर्नशिपही नाही, ती मुभा एल-२ वर फक्त जोडीदाराला. आत्ता १४ ची असेल तर डिग्रीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात २१ पूर्ण होतील आणि एल-२ संपेल. आय-५३९ (व्हिसाचा दर्जा बदलण्याचा फॉर्म) भरून एफ-१ करायचं ते त्याच्या कित्येक महिने आधी, आणि त्याने फीचा दर बदलतो का, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

लसींचं तेवढं राहिलं. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही; कांजिण्यांचीही नाही. तिथली शाळा दोन्ही मागते. पुण्यातच देऊन इंग्रजी कार्डावर तारखांसह डॉक्टरांचा शिक्का घ्या. क्षयाची चाचणी मागितली तर त्वचेवरची नको, रक्ताची करा, कारण बीसीजीच्या लशीमुळे त्वचेवरची फुगू शकते आणि मग छातीच्या एक्स-रेचे हेलपाटे.